भरतीची पाऊणकी

तिथीला पाऊणने गुणावे, येईल ती भर भरतीची वेळ. कोकणच्या किनाऱ्यावर कितीतरी पिढ्यांनी हा ठोकताळा वापरला. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी पुरते भरणार. अष्टमीला आठ पाऊण सहा. चतुर्दशीला चौदा पाऊण साडेदहा. पावकी, निमकी, पाऊणकी घोकून झालेल्या डोक्यात हे सूत्र असे सहज बसते की त्यामागे आकाशातल्या दोन गोलांची अवघी चाल दडलेली आहे याची आठवणही होत नाही. उच्च गणित अभियांत्रिकीच्या संशोधनात नेमके काय करते, हा प्रश्न एरवी परिसंवादात विचारला जातो आणि तिथेच विसरला जातो. पण दक्षिणेला उल्हासची खाडी, उत्तरेला वैतरणेचे मुख आणि पश्चिमेला उघडा समुद्र अशा तीन पाण्यांत वसलेल्या वसई-विरारमध्ये त्याचे उत्तर दिवसातून दोनदा बांधापर्यंत येऊन परत जाते. म्हणून आपण या पाऊणकीपासूनच सुरुवात करू, आणि घाई न करता करू.

आधी तो ‘पाऊण’ बघू. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत चंद्र सूर्याच्या मागे पडत पडत एक पूर्ण फेरा, म्हणजे चोवीस तास, मागे पडतो. आणि या फेऱ्याचे तीस समान भाग म्हणजे तीस तिथी. चोवीस तासांचे तीस भाग केले की एकेका तिथीच्या वाट्याला येतात सरासरी ४८ मिनिटे, म्हणजे जुन्या मापाने बरोबर दोन घटका. घटकापात्र पाण्यात सोडून वेळ मोजणाऱ्याला कसलाही अपूर्णांक लागत नव्हता: तिथीची दुप्पट केली की झाले. घड्याळाचे तास आले आणि दोन घटकांचे चार पंचमांश तास झाले. पण चार पंचमांशाचा पाढा कुणी घोकलेला नव्हता, पाऊणकी मात्र घरोघर होती. ४८ च्या जागी ४५ मिनिटे बसली. तिथीमागे तीन मिनिटांची ही सवलत पंधरवड्यात पाऊण तासाची होते: पौर्णिमेला उत्तर येते सव्वाअकरा, दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण, आणि दोहोंमध्ये ४५ मिनिटांच्या जागी दीड तासाची उडी पडते. सूत्र पंधरवड्याच्या सांध्यावर असे दर वेळी ठेचकाळते, आणि प्रतिपदेला पुन्हा पहिल्यापासून चालू लागते. (शिवाय हे घड्याळ कुणाचे, हेही ते सांगत नाही. मुंबईची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. आजच्या मनगटी घड्याळावर ताडून पाहणाऱ्याने तेवढी भर घालून पाहावी, सव्वाअकराचे उत्तर एकदम खरे वाटू लागते.)

आणि तरी या पाऊणकीची थट्टा करवत नाही, कारण ती जिथे चुकते तिथेच अधिक खोल काहीतरी बोलून जाते. भरती रोज ठरावीक ४८-५० मिनिटांनीच उशिरा येते असे जर आपण मानले असेल, तर एक पंधरवडाभर वेळापत्रक समोर धरून बघा. उधाणाच्या दिवसांत रोजचा उशीर ३५-४० मिनिटांवर आलेला असतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास, तोच लांबत जाऊन सव्वा तासाच्याही पुढे जातो. पाणी उधाणात लगबगीने येते आणि भांगात रेंगाळते. पाऊणकीचे ४५ उधाणाच्या बाजूला झुकलेले आहेत, आणि होडी लोटायची, जाळे टाकायचे, मिठागरात पाणी घ्यायचे तर लक्ष ठेवावे लागते ते उधाणावरच.

ही लगबग आणि हे रेंगाळणे कुठून येते? इथे आपल्याला पहिल्यांदा दोन स्वर वेगळे ऐकावे लागतात. एक चंद्राचा, ज्याचे एक आवर्तन १२ तास २५ मिनिटांचे. अभियंते त्याला एम-२ म्हणतात. दुसरा सूर्याचा, बरोबर १२ तासांचा, तो एस-२. मुंबईच्या किनाऱ्यावर पहिल्याचा आयाम सव्वा मीटरच्या आसपास, दुसऱ्याचा जेमतेम अर्धा मीटर. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा अगदी किंचित वेगळ्या लागल्या तर त्यांच्या एकत्र नादात जसा एक संथ झोल ऐकू येतो, नाद फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो, तसाच झोल या दोन स्वरांत आहे. तासाला चंद्रस्वर २८.९८ अंश चालतो, सूर्यस्वर ३०. फरक अंशाहून जरासा अधिक. या फरकाने ३६० अंश भरायला लागतात १४.७७ दिवस, आणि हाच उधाणापासून उधाणापर्यंतचा पंधरवडा. दोन स्वर एकत्र आले की उंची वाढते आणि गतीही सूर्याकडे ओढली जाते, म्हणून लगबग. एकमेकांविरुद्ध गेले की उंची घटते आणि गती उलट बाजूला झुकते, म्हणून रेंगाळणे. नायगाव-जूचंद्रच्या मिठागरांत महिन्यातून दोनदा जे मोठे पाणी चढते, त्याचा मुहूर्त या वजाबाकीत आहे. त्यातही एक नजाकत अशी की उधाण पौर्णिमेलाच शिगेला पोहोचत नाही, दीड-दोन दिवस उशिरा, द्वितीयेच्या आसपास पोहोचते. समुद्राला निरोप मिळतो, पण तो उठून उभा राहायला वेळ घेतो.

पाण्याची ही चढउतार अशी स्वरास्वरांत सोडवता येते हे सुचायला मोठी माणसे लागली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाप्लासने भरतीला गतिशास्त्राच्या समीकरणांत बसवले; उष्णता धातूतून कशी वाहते याचा विचार करताना फूरिएने १८२२ मध्ये दाखवले की कोणतीही आवर्ती वक्ररेषा साध्या लहरींच्या बेरजेने उभी करता येते; आणि १८६७ पासून विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी या दोहोंची गाठ घालून बंदरात मोजलेल्या पाण्यातून एकेक स्वर निवडून काढण्याची रीत बसवली. चार्ल्स डार्विनचे चिरंजीव जॉर्ज डार्विन यांनी १८८३ च्या अहवालात ती पद्धतशीर मांडली. आपल्यासाठी विशेष हे की या रीतीचा कस हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर लागला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेअर्ड यांनी १८७० च्या दशकात कच्छच्या आखातात भरतीमापक बसवले, मुंबईच्या अपोलो बंदरावरची नोंद १८७८ पासूनची आहे, आणि लगेच १८७९ मध्ये लंडनच्या लेजे यांच्या कारखान्यात, एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली, खास हिंदुस्थानच्या बंदरांचे भाकीत करणारे यंत्र तयार झाले.

त्या यंत्रावर थोडे थांबायलाच हवे. प्रत्येक स्वरासाठी एक कप्पी. प्रत्येक कप्पी आपापल्या गतीने आणि आपापल्या आयामाने खाली-वर होणारी, एक चंद्राच्या चालीने, एक सूर्याच्या, एक चंद्राच्या जवळ-दूर जाण्याच्या. या साऱ्या कप्प्यांच्या वरून-खालून एकच तार ओवलेली, तिचे एक टोक बांधलेले आणि दुसऱ्या टोकाला लेखणी. हाताने चाक फिरवावे, आणि कागदावर पुढच्या वर्षाच्या भरत्या उमटाव्यात. सगळा कारभार दातेरी चाकांचा. आकडेमोड कुठे होते म्हणाल तर त्या तारेत. कोणती कप्पी किती वर गेली याचा हिशेब तार स्वतःच्या लांबीत ठेवते, आणि तिचे मोकळे टोक ती बेरीज दाखवते. पुढे हे यंत्र डेहराडूनला आले. मला स्वतःला गणिताच्या इतिहासातल्या यंत्रांत हे सर्वांत देखणे वाटते, कारण यात समीकरण आणि लोखंड यांच्यामध्ये कुणी दुभाष्या नाही.

तारेवरचा आणखी एक स्वर निवडून ऐकू: के-१. एकाच दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, एक थोरली, एक धाकटी, आणि त्यांच्यातला हा भेद मुख्यतः या स्वरामुळे. त्याचे आवर्तन २३ तास ५६ मिनिटांचे, म्हणजे पंचांगातला नाक्षत्र दिवस. एखादे नक्षत्र जसे रोज चार मिनिटे लवकर उगवते तसा हा स्वरही रोज चार मिनिटे लवकर येतो; सहा महिन्यांत या चार-चार मिनिटांचे बारा तास होतात आणि दिवसाचे पाणी रात्रीचे होते. म्हणूनच पावसाळ्यातले मोठे उधाण भर दुपारी येते आणि हिवाळ्यातले मध्यरात्री. आषाढातल्या मुसळधार पावसात नेमकी दुपारीच मोठी भरती यावी, हा योगायोग म्हणून आपण दरसाल हळहळतो. पण तो वेळापत्रकात लिहिलेला योग आहे, पृथ्वीच्या कललेल्या अक्षाने लिहिलेला.

इथवर सारे बेरजेचे राज्य आहे. किनाऱ्यापुढच्या समुद्रात ते बरेचसे चालते. पण पाणी वसईच्या किल्ल्यासमोरून आत वळले, पाणजू बेटाच्या दोन्ही अंगांनी रेल्वेच्या पुलांखालून गेले, घोडबंदरच्या दिशेने खाडी अरुंद आणि उथळ होत गेली, की त्या यंत्राची तार अपुरी पडते. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळाने ठरतो: पाच मीटर खोलीवर सेकंदाला सात मीटर, आठ मीटरवर जवळजवळ नऊ. भरतीचा माथा खोल पाण्यावरून धावतो, ओहोटीचा तळ उथळ पाण्यावरून. माथा तळाला गाठू पाहतो, आणि बाहेर सुडौल असलेली लाट आत शिरताना पुढच्या अंगाने उभी आणि मागच्या अंगाने लांबट होत जाते. लाट स्वतःच स्वतःची खोली बदलते, आणि ती बदललेली खोली लाटेला बदलते.

सेंट व्हेनंट यांनी १८७१ मध्ये अशा वाहत्या, बदलत्या पाण्यासाठी दोन विकल समीकरणे दिली. आजही खाडीचे, नाल्याचे, पुराचे संगणकीय प्रारूप करणारा अभियंता त्यांच्यापासून किंवा त्यांच्या भावंडांपासून सुरुवात करतो. एक समीकरण पाण्याचा जमाखर्च सांगते, दुसरे गतीचा. त्यांतले एक पद आपण उचलून उजेडात धरू: खोली गुणिले वेग. किती साधे दिसते! पण खोलीत एम-२ आहे आणि वेगातही एम-२ आहे. म्हणजे इथे एम-२ ला एम-२ नेच गुणले जाते, कोसाइनचा वर्ग होतो. आणि कोसाइनचा वर्ग म्हणजे काय, हे विरार-नालासोपाऱ्याच्या कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीचा विद्यार्थी फळ्यावर लिहून दाखवेल: अर्धा, अधिक दुप्पट कोनाच्या कोसाइनचा अर्धा. दुप्पट कोन! परीक्षेपुरते पाठ केलेले ते सूत्र इथे चिखलात उतरते. खाडीत एक नवा स्वर उमटतो, १२ तास २५ मिनिटांच्या निम्म्या, म्हणजे सव्वासहा तासांहून थोड्या कमी आवर्तनाचा. त्याचे नाव एम-४. आकाशात त्याला कुणी धनी नाही. सव्वासहा तासांत फिरणारा कोणताही ग्रह-उपग्रह नाही. खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू यावा तसा हा स्वर खाडीच्या उथळपणातून आपोआप उमटतो. बाहेरचा समुद्र बेरीज करतो, खाडी गुणाकार करते, आणि संशोधकाचे खरे काम या गुणाकारापाशी सुरू होते, कारण गुणाकार झाला की स्वर वेगवेगळे सोडवून मग जोडण्याची मुभा उरत नाही. सगळे एकदम, क्षणाक्षणाला, कणाकणाने सोडवावे लागते.

हा स्वयंभू स्वर किती उपद्व्यापी आहे हे गाळाला विचारावे. समजा एखाद्या खाडीत भरती पाच तासांत येते आणि सुकती साडेसात तास चालते. आत आले तेवढेच पाणी बाहेर जायचे, तर भरतीचा वेग सुकतीच्या दीडपट हवा: पाच गुणिले दीड साडेसात, साडेसात गुणिले एक साडेसात, पाण्याचा हिशेब चोख. पण गाळ वेगाच्या प्रमाणात हलत नाही, वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात हलतो. दीडचा घन ३.३७५. पाच तासांनी त्याला गुणले तर जवळजवळ सतरा. परतीच्या बाजूला मात्र एकाचा घन गुणिले साडेसात, म्हणजे साडेसातच. पाणी जेवढे आले तेवढे गेले, गाळ मात्र दुपटीहून अधिक आत आला आणि राहिला. सरासरी प्रवाह शून्य, आणि तरी खाडी भरत चालली आहे! एके काळच्या शूर्पारकाचे, आजच्या सोपाऱ्याचे, बंदर गाळाने गेले असे आपण म्हणतो तेव्हा तो गाळ आणणाऱ्या अनेक हातांपैकी एक हात या घनाचा असणार, असे मला वाटते. अर्थात खाडीचे काठ नुसते बघे नाहीत. तिवरांच्या राईत, खाजणात, मिठागरांच्या सखल पसाऱ्यात भरतीचे पाणी पसरून थांबते, आणि हे थांबलेले पाणी डाव उलटवू शकते: मग सुकतीच जोरकस होते आणि गाळ बाहेर लोटला जातो. या दोन प्रवृत्तींत कोण जिंकेल, हे खाडीखाडीगणिक वेगळे. म्हणून मिठागरावर भराव पडला की बदल भरावापुरता राहत नाही. समीकरणातले साठ्याचे पद आक्रसते आणि एम-४ चा डौल बदलतो. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, पण प्रारूपात दिसतो, आणि काही वर्षांनी गाळात.

पुण्याजवळ खडकवासल्याला, १९१६ पासूनच्या परंपरेच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, हीच कोडी दुसऱ्याही वाटेने सोडवतात: खाडीची लहान प्रतिकृती बांधून तिच्यात यंत्राने भरती-ओहोटी सोडायची. या प्रतिकृतींतही वर्गमूळ आहेच. समजा आडवी लांबी चारशे पटींनी आणि खोली शंभर पटींनी लहान केली, तर काळ चाळीस पटींनी लहान होतो. चारशे भागिले शंभराचे वर्गमूळ. बारा तास पंचवीस मिनिटांची भरती-ओहोटी साडेअठरा मिनिटांत आटोपते, आणि चहा संपेपर्यंत खाडी एकदा भरून रिकामी झालेली असते.

गुणाकाराचा आणखी एक प्रसाद सांगायचा राहिला. एम-२ ला एस-२ ने गुणले की दोन स्वर निघतात, एक बेरजेचा, एक वजाबाकीचा. आणि वजाबाकीचा तो १४.७७ दिवसांचा. आधी जो झोल केवळ भास होता, नुसते फुगणे आणि ओसरणे, तो इथे खराखुरा स्वर होतो: तळाच्या घर्षणामुळे उधाणाच्या दिवसांत आत गेलेले पाणी पुरते बाहेर पडत नाही, आणि खाडीच्या वरच्या अंगाला पाण्याची सरासरी पातळीच काही दिवस उचललेली राहते. अशा वेळी शहरातला नाला ओहोटीतही मनमोकळा वाहत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई रोड, नालासोपारा, विरार पाण्यात गेले, नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून गाड्या जागीच उभ्या राहिल्या, मिठागरांत राहणारी माणसे अडकली. त्या दहा तारखेला अमावास्या अजून तीन दिवसांवर होती, उधाण भरत होते पण शिगेला पोहोचले नव्हते. पावसाचा जोर, बुजलेल्या वाटा आणि चढते उधाण यांचे वाटे वेगवेगळे करून दाखवायचे, तर आधी भरतीचा वाटा पै-पैने वजा करता आला पाहिजे. भाकिताची वक्ररेषा मोजलेल्या पाण्यातून वजा केल्यावर जे उरते त्याला अवशेष म्हणतात. वारा, पाऊस, गाळ, माणसाने बांधलेले बांध, सगळे त्या अवशेषात असते.

भाकितात मात्र राहूही आहे, आणि ही या गणितातली मला सर्वांत रुचलेली जागा. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते तो बिंदू म्हणजे राहू. ना वस्तुमान, ना आकार, निव्वळ भूमिती. तो १८.६ वर्षांत उलटा फेरा पुरा करतो, आणि भरतीच्या सूत्रात प्रत्येक स्वराला त्याच्या रेखांशावरून काढलेला एक गुणक लावावा लागतो. राहू मीनेत असताना, २०२५ च्या सुमारास, एम-२ चा आयाम सरासरीपेक्षा ३.७ टक्क्यांनी घटतो. कन्येत असताना, २०३४ च्या सुमारास, तेवढाच वाढतो. सव्वा मीटरवर हे साडेचार सेंटिमीटर. के-१ आणि ओ-१ हे दिवसातून एकदा येणारे स्वर नेमके उलटे वागतात, मीनेत फुलतात आणि कन्येत कोमेजतात. म्हणून २०३४ ला पाणी सरसकट वर चढेल असे एका दमात म्हणता येत नाही, आणि हा गुणक न लावता एका वर्षाच्या मोजणीवर बांधातल्या उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, उंबरठ्याची पातळी ठरवणारा दोन्ही बाजूंनी फसतो. आत खाडीत तर हिशेब आणखी पुढे जातो. एम-४ हा एम-२ च्या वर्गातून जन्मलेला. घर्षण क्षणभर बाजूला ठेवले, तर राहू कन्येत आल्यावर किल्ल्याबाहेरचा स्वर ३.७ टक्क्यांनी भरेल, आणि पाणजूच्या आतला सुमारे साडेसात टक्क्यांनी.